रेवस ते रेडी: विंच घ्यावी की कायनेटिक रोप?

दापोलीकर:
डिसेंबरमध्ये आम्ही दोन फोर बाय फोर गाड्या घेऊन रेवसपासून रेडीपर्यंत आठ दिवस किनाऱ्याकिनाऱ्याने जाणार आहोत. वाट शक्यतो आडमार्गांची असेल. खाडीकाठचे कच्चे रस्ते आणि जमल्यास पुळणही त्यात येईल. सामानासह प्रत्येक गाडी सुमारे २५०० किलोची होते. मोठी वस्तू एकच परवडेल, तर विंच (दोर ड्रमवर गुंडाळून गाडी ओढून काढणारे यंत्र) बसवावी की कायनेटिक रोप (दुसऱ्या गाडीने ओढून काढण्याचा, ताणला जाणारा दोर) घेऊन उरलेल्या पैशांत इतर साधने घ्यावीत?

जांभ्याची वाट:
दोन गाड्या असताना मी रोपच घेईन. विंचची क्षमता गाडीच्या एकूण वजनाच्या दीडपट तरी धरतात, म्हणजे तुम्हाला चार टनांच्या आसपासची लागेल, आणि तीही पूर्ण ओढ देते ती दोर ड्रमच्या सर्वांत आतल्या थरावर असतानाच. मोकळ्या जागी विंच बांधायला झाड मिळाले नाही, तर शेवटी आधार दुसऱ्या गाडीचाच घ्यावा लागतो. नायलॉनचा कायनेटिक रोप २० ते ३० टक्के ताणला जातो आणि साठवलेली ओढ अडकलेल्या गाडीला झटका न देता पोहोचवतो. तुमच्या वजनाला तुटण्याची क्षमता सात-आठ टन असलेला रोप पुरे. पॉलिस्टरचा टोइंगचा पट्टा असा ताणला जात नाही, म्हणून त्याने हिसका देऊन गाडी कधीही ओढू नये.

मात्र रोपाच्या आधी तो कशात अडकवणार हे पाहा. ट्रेलर जोडण्याच्या गोळ्याला रोप लावू नका. तो गोळा तुटून काचेतून आत आल्याने माणसे दगावलेली आहेत. वाहतुकीत गाडी बांधून ठेवण्याच्या कड्याही या कामाच्या नव्हेत. चासीला पक्के बसवलेले, क्षमता नोंदलेले हूक दोन्ही गाड्यांना पुढेमागे हवेत. शॅकलवर (रोप हुकाला जोडणाऱ्या लोखंडी कडीवर) ४.७५ टन असे कोरलेले असावे. ज्या शॅकलवर आकडाच नाही, ती घेऊ नका. रोपावर मध्यभागी जड गोणपाट टाका आणि बघ्यांना रोपाच्या लांबीहून दूर उभे करा.

खाडीपलीकडचा:
फावडे, हवेचा गेज आणि कॉम्प्रेसर यांवर आधी खर्च करा. रेतीत टायरची हवा ३२ वरून १८ पीएसआयपर्यंत उतरवली की बहुतेक वेळा रोप काढावाच लागत नाही. फक्त तेवढ्या हवेवर वेगाने वळू नका, टायर रिममधून निसटतो. एकदा खाजणाच्या चिखलात मी जॅक लावला आणि गाडी उचलण्याऐवजी जॅकच खाली गेला, तेव्हापासून दीड-दोन फुटांची जाड फळी सामानात असते.

वेळासची वाट:
पुळण यादीतून काढून टाका, ही कळकळीची विनंती. नोव्हेंबर ते मार्च हा ऑलिव्ह रिडले कासवांच्या विणीचा हंगाम असतो, आणि वेळास-आंजर्ल्यासारख्या किनाऱ्यांवर वाळूखाली अंडी असतात. अनेक पुळणींवर वाहने नेण्यास बंदीही आहे. पुळण वगळली की उरतो तो खाडीचा चिखल, आणि तिथे ट्रॅक्शन बोर्डांची (चाकांना पकड मिळावी म्हणून खाली घालायच्या खडबडीत फळ्यांची) जोडी फार उपयोगी पडते. ओहोटीला कोरडी दिसणारी वाट सहा तासांच्या आत पाण्याखाली जाऊ शकते, म्हणून भरतीची वेळ पाहूनच तिच्यावर उतरा. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात तर उतरूच नका. खाऱ्या चिखलातला रोप त्याच संध्याकाळी गोड्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवा, कारण रेतीचे कण आत राहिले तर नायलॉनचे धागे आतून झिजतात.