मद्यमुक्तीच्या सभेत प्रवेश कसा मिळतो? तातडीने मदत हवी आहे

आडवाट:
अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, अर्थात एएच्या सभा नेमक्या कुठे आणि केव्हा भरतात, हे खात्रीने कळण्याचा काही मार्ग आहे का? यादीतला एक पत्ता शोधत गेलो, तर दाराला कुलूप होते. दुसऱ्या ठिकाणी सभा चालू होती, पण मी जेमतेम टेकलो तोच एका गृहस्थांनी दोन प्रश्न विचारून अतिशय नम्रपणे मला बाहेर जाण्यास सांगितले. सर्वांसाठी दार उघडे असते म्हणतात, ते हेच का? दोन संध्याकाळी वाया गेल्या आहेत. कृपया उपदेश नको, सभा गाठण्याची रीत तेवढी सांगावी.

उंबरठा:
प्रत्येक समूह आपला कारभार स्वतः पाहतो आणि सगळे काम सभासदच विनामोबदला करतात, त्यामुळे जागा किंवा वेळ बदलली तरी ती यादीत उतरायला उशीर होतो. म्हणून निघण्यापूर्वी मदतवाहिनीवर फोन करून सभा खुली, म्हणजे कुणालाही बसता येईल अशी, आहे की बंद, हे विचारावे आणि कुणी दाराशी भेटेल का, हेही विचारावे; असा माणूस बहुधा मिळतो. तुमची दुसरी हकिकत मात्र मला अर्धवट वाटते. दारू सोडण्याची इच्छा एवढी एकच अट असताना तुम्हाला बाहेर का काढतील? त्या गृहस्थांनी काय विचारले आणि तुम्ही काय उत्तर दिले?

घड्याळ:
एका समूहावरून मत बनवू नका. मी पहिल्या सभेत शेवटच्या रांगेत, हात खिशात घालून, एक अक्षरही न बोलता बसलो होतो. निघताना कुणीतरी चिठ्ठीवर चार फोन नंबर लिहून दिले आणि त्यातला तिसरा नंबर त्या रात्री कामाला आला. पुढे नव्वद दिवसांत नव्वद सभा केल्या. तुम्हीही तेच करा, बाकी सगळे आपोआप समजेल.

चिकित्सक:
एएच्या बारा पायऱ्यांत, म्हणजे मद्यमुक्तीच्या बारा टप्प्यांत, ईश्वराचा उल्लेख वारंवार येतो आणि तो सर्वांनाच पचत नाही. स्मार्ट रिकव्हरी ही व्यसनमुक्तीची दुसरी संस्था 1994 पासून पायऱ्यांशिवाय, विचार आणि सवयी बदलण्याच्या तंत्रांवर काम करते. त्यांच्या सभा ऑनलाइनही होतात, म्हणजे कुलपाचा प्रश्नच मिटला.

घड्याळ:
ईश्वर म्हणजे ज्याला जसा उमगेल तसा, हे त्या पायऱ्यांतच लिहिले आहे. शिवाय वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या 2020 च्या आढाव्यात, पूर्ण मद्यमुक्त राहण्याच्या बाबतीत एएची वाट इतर प्रस्थापित उपचारांपेक्षा सरस ठरली, हे तुम्ही सोयीस्करपणे वगळलेत.

चिकित्सक:
तो निष्कर्ष मुख्यतः तज्ज्ञांनी ठरलेल्या पद्धतीने रुग्णाला एएशी जोडून देण्याच्या उपचारांबद्दल आहे. पत्ता शोधत एकट्याने जाणाऱ्या माणसाला तो जसाच्या तसा लावता येत नाही.

जुनी वही:
या निमित्ताने नमूद करतो की, एएचे संस्थापक बिल विल्सन आणि डॉ. बॉब स्मिथ यांची भेट 1935 मध्ये ओहायोतील ॲक्रन येथे झाली आणि 10 जून हा एएचा स्थापनादिन मानला जातो.

उंबरठा:
वहीसाहेब, हे कुणी विचारले होते? आडवाट, सभा तुम्हाला स्वतःसाठीच हवी आहे ना?

आडवाट:
नाही, थोरल्या भावासाठी. मी पीत नाही, म्हणून ते लिहिण्याची गरज वाटली नाही. त्या गृहस्थांनाही मी हेच सांगितले होते. दादाला नेण्याआधी जागा पाहून यावी, एवढाच हेतू होता. त्याने परवा दारू एकदम बंद केली आहे आणि त्याचा निश्चय ढळण्याआधी त्याला सभेत बसवायचे आहे. कालपासून त्याचे हात इतके थरथरतात की पाण्याचा पेला दोन्ही हातांनी धरावा लागतो. रात्री घामाने उशी भिजली आणि पहाटे त्याला भिंतीवर मुंग्या चढताना दिसल्या. भिंतीवर काहीच नव्हते.

उंबरठा:
सभा राहू द्या, त्यांना आत्ता रुग्णालयात न्या. वर्षानुवर्षे रोज भरपूर पिणाऱ्याचा मेंदू दारूला सरावलेला असतो. ती अचानक तुटली की साधारण 6 ते 48 तासांत झटके येऊ शकतात आणि 48 ते 96 तासांच्या सुमारास भ्रमाची अवस्था येऊ शकते, जी वेळेवर उपचार न झाल्यास जीवघेणी ठरते. यात निश्चय कमी पडण्याचा संबंध नाही. शेवटचा पेला किती वाजता घेतला, रोज किती घेत होते आणि पूर्वी कधी झटका आला होता का, हे डॉक्टरांना सांगा. घरातली झोपेची गोळी देऊ नका आणि त्यांना एकटे सोडू नका.

चिकित्सक:
पूर्ण सहमत. आमचा वाद नंतर चालेल.

घड्याळ:
मीही सहमत आहे. नव्वद सभांचे मी घाईने बोललो, आधी विचारायला हवे होते.

आडवाट:
दादाला दाखल करून घेतले आहे. डॉक्टरांनी पहिला प्रश्न शेवटच्या पेल्याच्या वेळेचाच विचारला.

उंबरठा:
बरे झाले. तुम्ही गेलात ती बंद सभा असणार, तिथे फक्त दारूची समस्या असलेलेच बसतात. दादा बरे होईपर्यंत तुम्ही अल-अनॉनच्या सभेला जा. ती 1951 पासून मद्यपींच्या कुटुंबीयांसाठीच चालते आणि घरचा माणूस सभेला जात असो वा नसो, तुम्हाला जाता येते.

आडवाट:
फोन केला. पलीकडच्या बाईंनी काही विचारण्याआधीच, मी पिणाऱ्याचा धाकटा भाऊ आहे, हे सांगून टाकले.