शब्दचर्चा: नॉकडाऊन म्हणजे नक्की काय? 'पडला' की 'पाडला'?

मूळ प्रश्न:

बॉक्सर मुहम्मद अली आणि सनी लिस्टनची १९६५ची दुसरी फाइट परत बघितली आणि मित्राशी कडाक्याचं भांडण झालं. मी म्हणतो अलीने पाडलं, तो म्हणतो लिस्टन आपण होऊन पडला, सगळा बनाव होता, नॉकडाऊन खोटा. मग डोक्यात आलं की नॉकडाऊन नक्की कशाला म्हणायचं, 'खोटा नॉकडाऊन' असं काही असतं का, आणि नॉकआऊट, स्लिप ह्यांच्यात आणि त्याच्यात फरक काय? मराठी बातम्यांत काहीही झालं तरी 'लोळवले' लिहितात. नेमका शब्द आहे का आपल्याकडे?

प्रतिसाद:

तुमच्या भांडणाचं उत्तर मराठी क्रियापदांतच आहे, पण आधी नियम बघू.

नॉकडाऊन धरायला दोन गोष्टी लागतात. ठोसा नियमात बसणारा हवा, आणि त्या ठोशामुळे तळपाय सोडून शरीराचा कुठलाही भाग रिंगच्या जमिनीला टेकायला हवा. गुडघा टेकला, नुसता ग्लोव्ह टेकला तरी चालतं, पाठीवर आडवं व्हायची गरज नाही. एवढंच नाही तर दोरामुळे सावरला, नाहीतर पडलाच असता असं रेफरीला वाटलं तरी नॉकडाऊनच. १८ मे २०२४ला रियाधमध्ये उसिक आणि फ्युरी ह्या हेवीवेट बॉक्सरांच्या फाइटच्या नवव्या राउंडमध्ये हेच झालं, फ्युरी झोकांड्या खात ह्या दोरावरून त्या दोरावर जात होता, जमिनीला कुठेच टेकला नव्हता, तरी रेफरी मार्क नेल्सनने मध्ये पडून काउंट दिला, म्हणजे आकडे मोजले. आणि त्या एका काउंटवर निकाल फिरलाय बरं का. एका जजने ११५-११२ उसिक दिलं, दुसऱ्याने ११४-११३ फ्युरी, तिसऱ्याने ११४-११३ उसिक. नॉकडाऊनमुळे फ्युरीचा गेलेला तो एक पॉइंट परत द्या, तिसऱ्या जजचं कार्ड (गुणपत्रक) ११४-११४ होतं आणि फाइट ड्रॉ.

म्हणजे न पडता नॉकडाऊन होतो. आता उलटी केस बघा, पडला पण नॉकडाऊन नाही. ऑगस्ट २०२३, पोलंडमधलं व्रोत्सवाफ, उसिक विरुद्ध डुबॉइस, पाचवा राउंड. डुबॉइसचा उजवा ठोसा ट्रंक्सच्या (बॉक्सरच्या चड्डीच्या) पट्ट्यावर बसला आणि उसिक खाली. चांगला वेळ खाली होता, सगळ्यांनी बघितलं. रेफरी लुइस पाबोनने तो कमरेखालचा ठरवला, काउंट दिलाच नाही, उलट उसिकला सावरायला वेळ दिला. पुढे नवव्या राउंडमध्ये उसिकने डुबॉइसला बाद केलं. पट्टा पोटावर किती वर चढवलेला होता आणि ठोसा पट्ट्याच्या वरच्या काठाला लागला की खाली, ह्यावर लोक अजून भांडतात. पण बघा, तिथे वाद 'पडला का' हा नाहीच, 'ठोसा वैध होता का' हा आहे.

तिसरी तऱ्हा म्हणजे अली-वेपनर, मार्च १९७५, क्लीव्हलँडजवळ. नवव्या राउंडमध्ये वेपनरचा ठोसा छातीवर बसला आणि अली खाली बसला. अली म्हणाला की ह्याने माझ्या पायावर पाय दिला. रेफरीने नॉकडाऊन धरला, रेकॉर्डमध्ये तो तसाच आहे. इथे ठोसा वैध, पडणंही झालं, पण कशामुळे पडला ह्याचा वाद.

आता मराठी. इंग्रजीत एकाच शब्दात सगळं कोंबलंय म्हणून गोंधळ होतो, आपल्याकडे क्रियापदंच वेगवेगळी आहेत. 'पडला' म्हणजे फक्त घटना, कारण सांगितलेलं नाही. 'पाडला' म्हटलं की कोणीतरी पाडणारा आला, त्याची कृती आली. 'घसरला' किंवा 'तोल गेला' म्हणजे स्लिप, समोरच्याचं त्यात काही श्रेय नाही. 'अंग टाकलं' म्हणजे त्याने ठरवून केलं. आणि 'पडून राहिला' हे आणखी वेगळं, ते पडण्याबद्दल नाहीच, न उठण्याबद्दल आहे. नॉकडाऊन म्हणजे 'पाडणं', हे माझं मत. 'लोळवलं' मध्ये दमदार मार दिल्याचा भाव आहे, ग्लोव्ह टेकवून लगेच उठलेल्या माणसाला कसं लोळवलं म्हणणार? 'चीत' तर अजिबात नको, कुस्तीत चीत झाला की कुस्ती संपली, इथे नॉकडाऊननंतर खरी फाइट सुरू होते कित्येकदा.

आता लिस्टनकडे येऊ. २५ मे १९६५, मेन राज्यातलं लुईस्टन. फाइट खरं तर आधीच्या नोव्हेंबरात बॉस्टनला व्हायची होती, अलीचं हर्नियाचं ऑपरेशन निघालं, ती पुढे गेली आणि शेवटी ह्या छोट्या गावातल्या हॉलमध्ये जेमतेम अडीच हजार लोकांसमोर झाली. पहिलाच राउंड. लिस्टन डावा जॅब (हात सरळ फेकून मारलेला ठोसा) टाकत पुढे येतोय, अली मागे सरकतोय, आणि जॅबच्या वरून अलीचा आखूड उजवा ठोसा उतरतो. अनेकांना दिसलाच नाही म्हणून त्याला फँटम पंच म्हणतात, भुताटकीचा ठोसा. पण स्लो मोशनमध्ये बघा, आणि ठोशाकडे नका बघू, लिस्टनच्या डाव्या पायाकडे बघा. जॅब टाकताना भार त्याच पायावर होता आणि ठोसा बसल्यावर तो पाय जमिनीवरून उचलला जातो. ज्या पायावर भार दिलाय तो पाय नाटकासाठी असा ऐनवेळी उचलणं फार अवघड आहे. माझ्या दृष्टीने एवढ्यावर 'पाडला' सिद्ध होतं.

पुढे तो कुशीवर वळतो, उजव्या गुडघ्यावर येतो आणि परत पाठीवर पडतो. तुमच्या मित्राला संशय येतो तो ह्या दुसऱ्या पडण्याचा, आणि तो येणं साहजिक आहे. पण हे दुसरं पडणं म्हणजे नॉकडाऊन नव्हे. नॉकडाऊन आधीच होऊन गेला होता.

दुसरा प्रतिसाद:

व्याख्या पटली, पण तुम्ही 'खरा' ह्या शब्दाला बगल देताय असं वाटतं. सामान्य माणूस खरा नॉकडाऊन म्हणतो तेव्हा त्याला विचारायचं असतं की ह्या ठोशाने हा माणूस पडावा का? हा तोच लिस्टन ज्याचा जबडा १९५४मध्ये मार्टी मार्शलने मोडला तरी तो शेवटपर्यंत लढला. ज्याने हेवीवेट चॅम्पियन राहिलेल्या पॅटरसनला १९६२ आणि १९६३ दोन्ही वेळा पहिल्याच राउंडमध्ये बाद केलं. त्याच्यामागे गुन्हेगारी टोळ्यांचे लोक होते हेही जगजाहीर. असा माणूस एवढ्या हलक्या ठोशाने आडवा होतो आणि उठत नाही, तर लोक 'खोटा' म्हणणारच आणि तो शब्द चुकीचा नाही.

पहिला प्रतिसाद देणारा पुन्हा:

बगल नाही देत, उलट मला हा शब्द फोडूनच घ्यायचाय. 'खरा' म्हणताना तुम्ही तीन प्रश्न एकत्र विचारताय. ठोसा लागला का, त्याने पाडलं का, आणि उठता येत असून उठला नाही का. पहिल्या दोन्हीचं उत्तर चित्रफितीत आहे. तिसऱ्याचं उत्तर लिस्टनच्या डोक्यात होतं, आणि फिक्सिंगचा पक्का पुरावा आजपर्यंत कोणी पुढे आणलेला नाही. तिसऱ्याच्या संशयावरून पहिल्या दोघांना खोटं ठरवायचं हे मला मान्य नाही, तो अलीवर अन्याय आहे.

आणि जबड्याचं म्हणाल तर बॉक्सर पडतो तो नुसत्या जोराने नाही, न दिसलेल्या ठोशाने पडतो. दिसलेला ठोसा मान आवळून, हनुवटी आत घेऊन झेलता येतो. लिस्टन स्वतःच पुढे झुकलेला होता, त्याचं स्वतःचं वजन त्या ठोशावर येऊन आदळलं. मार्शलशी लढताना तो तापलेला होता, इथे अंग मोकळं व्हायच्या आत बसला. शरीर तेच, प्रसंग वेगळा.

खरी गडबड नॉकआऊटमध्ये आहे आणि तिकडे कोणी बघतच नाही ह्याचा मला राग येतो. नॉकआऊट म्हणजे दहा आकडे मोजले गेले आणि माणूस उठला नाही. मोजणार कोण, तर रेफरी, टाइमकीपरचा आकडा उचलून. आणि पाडणारा न्यूट्रल कॉर्नरमध्ये (दोघांपैकी कोणाचाच नसलेल्या कोपऱ्यात) गेल्याशिवाय रेफरीने मोजायचं नाही. १९२७ला शिकागोच्या सोल्जर फील्डवर हेवीवेट फाइटमध्ये जॅक डेम्प्सीने जीन टनीला सातव्या राउंडमध्ये पाडलं आणि स्वतः तिथेच उभा राहिला, रेफरी डेव्ह बॅरीने तो हलेपर्यंत मोजलं नाही, टनीला चौदाच्या आसपास सेकंद मिळाले, नऊच्या आकड्याला उठला आणि पुढे पॉइंट्सवर जिंकला. नियम कडू असला तरी पाळला गेला.

लुईस्टनच्या फाइटमध्ये काय झालं? अली कॉर्नरमध्ये जायच्या ऐवजी लिस्टनच्या डोक्यावर उभा राहून ओरडतोय, मग रिंगभर नाचतोय. रेफरी जर्सी जो वॉलकॉट, स्वतः माजी हेवीवेट चॅम्पियन, अलीला हटवण्यात गुंतला, त्याने मोजणी सुरूच केली नाही. लिस्टन उठला, वॉलकॉटने दोघांना परत लढू दिलं, आणि तेवढ्यात रिंगच्या बाहेरून 'द रिंग' मासिकाचे संपादक नॅट फ्लायशर ओरडले की दहाच्या वर आकडा होऊन गेलाय, फाइट संपली. वॉलकॉट लढणाऱ्यांना तसंच सोडून टाइमकीपरकडे गेला, परत आला आणि अलीचा हात वर केला. वेळ जाहीर झाली एक मिनिट. चित्रफितीत लिस्टन पडतो तोच १:४४ला, आणि फाइट थांबते २:१२ला. म्हणजे निकालाच्या कागदावरची वेळसुद्धा चूक.

टनीला जो फायदा मिळाला तो लिस्टनला मिळायला हवा होता की नाही? मिळायलाच हवा होता. त्याला उठायचं होतं की नव्हतं हा प्रश्नच येत नाही, कारण त्याच्यासाठी कोणी नियमाने मोजलंच नाही. म्हणून माझं म्हणणं, लिस्टनला पाडलं हे शंभर टक्के खरं, बाद केलं हे नियमाने टिकत नाही.

मूळ प्रश्न विचारणारा:

हे मित्राला पाठवलं, पायाचं त्यालाही पटलं, न उठण्याचा हट्ट त्याने सोडलेला नाही. एक शेवटचं विचारतो, नील लायफरचा तो प्रसिद्ध फोटो आहे ना, अली दंड छातीपाशी वळवून खाली पडलेल्या लिस्टनवर ओरडतोय, त्याखाली मराठीत ओळ काय लिहायची? एका ठिकाणी 'अलीने लिस्टनला बाद केले तो क्षण' वाचलं होतं.

उत्तर:

'पाडल्यानंतर' लिहा. ठोसा फोटोत नाही, तो आधीच बसलाय, आणि 'बाद' तर अजिबात नको कारण त्या क्षणी वॉलकॉटने एकही आकडा मोजलेला नाही. 'लिस्टनला पाडल्यानंतर त्याला उठायला सांगणारा अली', एवढं पुरे.