मदत हवी आहे : कोयनेचा जुना वार्तापट कोठे मिळेल?

वाशिष्ठीकाठ
नमस्कार. केंद्र सरकारच्या फिल्म्स डिव्हिजनने काढलेला कोयनेचा वार्तापट (न्यूजरील) मला पुढच्या महिन्यातील आमच्या कौटुंबिक संमेलनापूर्वी हवा आहे. त्यात माझे आजोबा दिसतात, हे आमच्या घरात लहानथोर सर्वांना ठाऊक आहे, परंतु माझ्या पिढीतील कोणीही तो पाहिलेला नाही. यूट्यूबवर ‘कोयना’ असे शोधले की धरणाच्या दरवाजांतून पाणी सोडल्याचे अलीकडचे व्हिडिओ तेवढे येतात. एका कार्यालयाला ईमेल पाठवला, तर ‘वार्तापटाचा क्रमांक कळवावा’ असे एका ओळीचे उत्तर आले. क्रमांक माहीत असता, तर मी विचारलेच कशाला असते? ज्यांना नेमका मार्ग ठाऊक आहे त्यांनीच कृपया लिहावे. ‘यूट्यूबवर नीट शोधा’ हा सल्ला नको.

मोडीवाचक
कोयनेचा म्हणजे कशाचा? धरणाच्या बांधकामाचा, की ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे झालेल्या भूकंपाचा? या दोन्ही घटनांत काही वर्षांचे अंतर आहे आणि शोध घेण्याच्या जागाही निराळ्या आहेत. शिवाय तो वार्तापटच होता की स्वतंत्र माहितीपट, तो चित्रपटगृहात पाहिला होता की दूरदर्शनवर, आणि निवेदन कोणत्या भाषेत होते, हेही लिहावे. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले, त्यामुळे घरी टीव्हीवर पाहिला असेल, तर तो जुनी दृश्ये जोडून पुढे तयार केलेला एखादा कार्यक्रमही असू शकतो.

रीळघर
इतक्या चौकशीची आवश्यकता नाही. सरळ पुण्याला लॉ कॉलेज रस्त्यावरील राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात जावे. १९६४ साली स्थापन झालेल्या या संस्थेसाठी पी. के. नायर यांनी जे जमवून ठेवले, त्याला आपल्याकडे तोड नाही. ग्रंथालयात जुन्या पुस्तिका, कात्रणे आणि छायाचित्रे पाहता येतात, आणि अभ्यासासाठी चित्रपट पाहण्याचीही रीतसर सोय आहे. मी अनेक दुर्मीळ गोष्टी तेथेच पाहिल्या आहेत, त्यामुळे अन्यत्र वेळ घालवू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

थेम्सतीर
पुण्याला खेपा घालण्याआधी ब्रिटिश पाथे या जुन्या वार्तापट कंपनीचा संग्रह पाहावा, कारण तो घरबसल्या पाहता येतो. त्यांनी २०१४ साली सुमारे ८५,००० चित्रफिती यूट्यूबवर खुल्या केल्या, आणि आता रॉयटर्सचा ऐतिहासिक वार्तापट संग्रहही त्यांच्याच संकेतस्थळावर शोधता येतो. प्रत्येक चित्रफितीखाली दृश्यांचे लेखी वर्णन असते, आणि भारतातील संग्रहांत नेमकी हीच गोष्ट सहसा मिळत नाही.

रीळघर
थेम्सतीर, परदेशी कॅमेरे भारतात राणीच्या १९६१ च्या दौऱ्यासारख्या प्रसंगी येत असत. सह्याद्रीच्या पोटात काम करणाऱ्या ओव्हरसियरचे चित्रण करायला ते कशाला येतील? धागाकर्त्यांनी फिल्म्स डिव्हिजन असे स्पष्ट लिहिलेले आहे.

थेम्सतीर
भूकंपाचा प्रश्न असेल, तर परदेशी वृत्तसंस्था नक्कीच आल्या असतील. आणि ‘ओव्हरसियर’ हा शब्द धागाकर्त्यांनी वापरलेलाच नाही, तो आपण स्वतःच घातला आहे.

दगडीकोळसा
कोयनेचे लेक टॅपिंग पाहायचे असेल, तर १३ मार्च १९९९ च्या पहिल्या आणि २५ एप्रिल २०१२ च्या दुसऱ्या स्फोटाचे चित्रण उपलब्ध आहे. जलाशय रिकामा न करता तळातून बोगदा जोडण्याचे ते तंत्र नॉर्वेमध्ये विकसित झालेले आहे. अत्यंत प्रेक्षणीय आहे, जरूर पाहावे.

वाशिष्ठीकाठ
लेक टॅपिंगबद्दल मी विचारलेले नाही. माझे आजोबा १९७१ साली निवृत्त झाले.
मोडीवाचक, वार्तापट बांधकामाच्या काळातला आहे, भूकंपाचा नाही. मला वाटले होते की ते उघड आहे. तो चित्रपटगृहात मुख्य चित्रपटाआधी दाखवला गेला होता. आमची मोठी आत्या तेव्हा शाळेत जात होती आणि तिने तो आजोबांच्या शेजारी बसून पाहिला. निवेदनाची भाषा तिला आठवत नाही.

मोडीवाचक
हे उपयोगाचे आहे. आता आत्यांना आणखी दोन गोष्टी विचाराव्यात. चित्रपटगृह कोणत्या गावचे होते, आणि त्या दिवशी मुख्य चित्रपट कोणता होता? वार्तापटाचे नाव कोणाच्याच लक्षात राहत नाही, पण त्यानंतर पाहिलेला चित्रपट पुष्कळदा राहतो.

हातकंदील
यावरून आठवले की आमच्या गावी वार्तापट संपेपर्यंत निम्मे प्रेक्षक बाहेर शेंगदाणे घेत उभे असत. चित्रपटगृहाच्या परवान्यातच अशी अट होती की प्रत्येक खेळात मान्यताप्राप्त लघुपट किंवा वार्तापट दाखवलाच पाहिजे, आणि त्याचे भाडेही मालकालाच भरावे लागत असे. पडद्यावर काय यायचे? मंत्री, हार, कोनशिला आणि पुन्हा मंत्री. शासनाने प्रेक्षकांच्या गळी उतरवलेला हा प्रचार होता, त्यामुळे आजोबा सापडलेच, तरी ते हारांच्या मागे अर्ध्या सेकंदापुरते दिसतील, याची मनाची तयारी ठेवावी.

रीळघर
हातकंदील, सरसकट असे म्हणणे अन्यायाचे आहे. त्याच फिल्म्स डिव्हिजनमध्ये साठच्या दशकात एस. एन. एस. शास्त्री आणि प्रमोद पती यांच्यासारख्यांनी जे प्रयोग केले, ते आजही ताजे वाटतात. शास्त्रींचा ‘आय ॲम ट्वेंटी’ हा १९६७ सालचा माहितीपट तर स्वतंत्र भारतात वाढलेल्या विशीतल्या तरुणांना थेट बोलते करतो, आणि त्यातले सगळेच सरकारची स्तुती करत नाहीत.

हातकंदील
ते माहितीपट होते आणि मी साप्ताहिक वार्तापटाबद्दल बोलत आहे. आपण अपवाद दाखवून नियम खोडू पाहत आहात.

मोडीवाचक
दोघांनाही विनंती की हा वाद वेगळ्या धाग्यावर न्यावा. हातकंदील यांच्या प्रतिसादात एक गोष्ट मात्र कामाची आहे. प्रती मोजक्या असत आणि त्या एका चित्रपटगृहातून दुसऱ्याकडे फिरत, त्यामुळे मोठ्या शहरात दाखवलेला वार्तापट लहान गावी काही आठवड्यांनी, कधी काही महिन्यांनीही पोहोचत असे. म्हणून आत्यांनी तो पाहिल्याची तारीख आणि चित्रणाची तारीख एकच आहे, असे धरून चालू नये.

आंबटगोड
आपल्याकडे रीळ असेल, तर ते कृपया घरच्या प्रोजेक्टरवर लावू नये. ॲसिटेट फिल्म खराब होऊ लागली की तिला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो, ती आकसते, आणि मग प्रोजेक्टरच्या दातांवरून ओढताना तिच्या कडेची छिद्रे फाटतात. असे रीळ थंड आणि कोरड्या जागी, इतर रिळांपासून वेगळे ठेवावे आणि ज्यांच्याकडे स्कॅनर आहे त्यांच्याकडेच द्यावे.

वाशिष्ठीकाठ
आंबटगोड, माझ्याकडे रीळ असते, तर मी ते शोधत बसलो नसतो.
आत्याला फोन केला होता. चित्रपटगृह चिपळूणचे होते आणि मुख्य चित्रपट ‘मानिनी’ होता. वार्तापटात काही लोक बोगद्यातून बाहेर येतात, त्यांत एक पाहुणा असतो, आणि त्याच्या उजव्या हाताला आजोबा नकाशांची गुंडाळी घेऊन चालत असतात, असे ती सांगते. पाहुणा कोण, हे तिला माहीत नाही.

मोडीवाचक
बोगदा? आजोबा धरणावर होते ना?

वाशिष्ठीकाठ
धरणावर होते असे मी कोठे लिहिले? ते पोफळीला होते.

मोडीवाचक
आपण ‘कोयनेचा वार्तापट’ एवढेच लिहिल्यामुळे आम्ही सगळे घाटमाथ्यावर शोधत होतो. आपल्या सदस्यनामाकडे पाहूनच मला शंका यायला हवी होती.
ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी लिहितो. धरण सातारा जिल्ह्यात पाटण तालुक्यात आहे, पण वीजगृह त्याच्या पायथ्याशी नाही. शिवसागर जलाशयाचे पाणी नवजाजवळ बोगद्यात घेऊन सह्याद्रीच्या पलीकडे कोकणात उतरवतात आणि पोफळीच्या भूमिगत वीजगृहातील यंत्रे चालवून ते पुढे वाशिष्ठीत सोडतात. तेथे १९६२ साली वीजनिर्मिती सुरू झाली. म्हणजे आपल्या वार्तापटाच्या वर्णनात ‘धरण’ हा शब्द बहुधा नसेलच. ‘पोफळी’, ‘बोगदा’, ‘भूमिगत वीजगृह’, ‘जलविद्युत’ असे शब्द घेऊन शोधले पाहिजे.
‘मानिनी’ १९६१ चा आहे, त्यामुळे आत्यांनी वार्तापट त्याआधी पाहिलेला असणे शक्य नाही. चिपळूणला चित्रपट उशिरा आला असेल, तर वरची मर्यादा सैल राहते, तरीही मी १९६० ची अखेर ते १९६३ एवढाच काळ आधी तपासेन.

थेम्सतीर
कोयनेच्या वीजप्रकल्पाला जागतिक बँकेचे कर्ज होते, त्यामुळे तो पाहुणा परदेशी असण्याचीही शक्यता आहे. आत्यांना एवढेच विचारावे की तो गोरा होता का.

रीळघर
पुन्हा परदेश! पण हा प्रश्न चांगला आहे, हे मान्य करतो.

खिडकी क्रमांक तीन
मी काही काळ अशाच एका संग्रहात नोंदी ठेवण्याचे काम केले आहे, म्हणून क्रमांक का मागतात ते सांगतो. फिल्म्स डिव्हिजनचा ‘इंडियन न्यूज रिव्ह्यू’ हा वार्तापट दर आठवड्याला निघत असे, म्हणजे वर्षाला सुमारे ५२ अंक, आणि प्रत्येकाला क्रमांक असे. ३५ मिमीचे हजार फुटांचे रीळ सुमारे ११ मिनिटे चालते, आणि अशा एका रिळात मावणाऱ्या अंकात पाच-सात निरनिराळ्या बातम्या असत. भाक्रा, कुठला तरी क्रिकेट सामना, परदेशी पाहुण्याचे स्वागत आणि मध्येच पोफळी. संपूर्ण अंकाला ‘कोयना’ असे नाव नसतेच, म्हणून यूट्यूबवर शीर्षक शोधून तो सापडत नाही. शीर्षकात फक्त क्रमांक असेल, तर तो अंक पूर्ण पाहिल्याशिवाय आत काय आहे ते कळत नाही.
उलट वाटेने जाता येते. १९६१ आणि १९६२ मधील ज्या अंकांचे वर्ष निश्चित माहीत आहे, त्यांचे क्रमांक आधी टिपावेत. आठवड्याला एक या हिशेबाने आपल्याला हव्या असलेल्या महिन्याचा अंदाजे क्रमांक काढता येतो. त्याआधी महिना ठरवण्यासाठी त्या काळातील मराठी दैनिकांच्या फायली पाहाव्यात, कारण पोफळीला कोणी मोठी व्यक्ती आली असेल, तर ती बातमी दैनिकात आलेली असणार. पाहुणा सापडला की तारीख सापडते, आणि तारखेनंतरचे चार-पाच अंक मागवणे कोणत्याही कार्यालयाला जड जात नाही. ‘आजोबा दिसतात तो अंक द्या’ अशा पत्रावर मात्र कोणीही काहीच करू शकत नाही.

रीळघर
आणि ते अंक पुण्यातच मिळतील.

खिडकी क्रमांक तीन
तसे गृहीत धरू नये. फिल्म्स डिव्हिजनचे वार्तापट मुंबईत पेडर रोडवरील त्यांच्याच संकुलात तयार होत आणि तेथेच साठवले जात. २०२२ साली जतनाची आणि माहितीपटनिर्मितीची कामे राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाकडे सोपवली गेली आणि पुण्याचे संग्रहालयही आता त्याच महामंडळाचा भाग आहे. त्यामुळे पत्र महामंडळाच्या नावे लिहावे आणि त्यात दोन्ही ठिकाणांचा उल्लेख करावा, म्हणजे ते पत्र एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरत राहणार नाही.

कलमबहाद्दर
कायद्याचा मुद्दा कोणीच मांडला नाही. भारतीय कायद्यानुसार चित्रपटाचा स्वामित्वहक्क प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षे राहतो आणि शासकीय कृतींनाही तीच मुदत आहे. १९६२ चा वार्तापट २०२३ च्या आरंभीच मुक्त झालेला आहे, त्यामुळे कोणालाही शुल्क देण्याचे कारण नाही.

खिडकी क्रमांक तीन
हक्क संपला, म्हणजे प्रत फुकट मिळते असे नव्हे. रीळ त्यांच्या ताब्यात आहे. ते काढणे, तपासणे आणि डिजिटल प्रत करणे यांचा खर्च ते मागू शकतात. कौटुंबिक कार्यक्रमासाठी हवे आहे, असे स्पष्ट लिहावे, कारण व्यावसायिक वापराचा दर निराळा असतो.

वाशिष्ठीकाठ
पाहुणा गोरा नव्हता, आत्याला याची खात्री आहे. त्याने टोपी घातली होती आणि आजोबांच्या डोक्यावर मात्र शिरस्त्राण होते. दैनिकांच्या फायली पाहण्यासाठी मी येत्या आठवड्यात मुंबईला जात आहे. महामंडळाला पत्र मराठीत लिहावे की इंग्रजीत?

मोडीवाचक
कोणती टोपी, तेही विचारून ठेवावे. गांधी टोपी असेल, तर नावांची यादी बरीच लहान होते.

खिडकी क्रमांक तीन
पत्र कोणत्याही भाषेत लिहावे, परंतु जुन्या नोंदी इंग्रजीत असल्यामुळे कोयना, पोफळी आणि चिपळूण यांची रोमन लिपीतील सर्व संभाव्य रूपे त्यात द्यावीत, कारण त्या काळी टंकलेखक कानाला येईल तसे लिहीत. सोबत आजोबांचे त्याच वर्षांतील एखादे छायाचित्र जोडावे. आणि संमेलन पुढच्या महिन्यात असेल, तर प्रत तोपर्यंत हाती येईल असे मी सांगणार नाही.