शब्दचर्चा: रिपोर्टातलं ‘जेनेटिक’ म्हणजे आनुवंशिक की जनुकीय?

टिळकवाडीकर

एका शब्दापायी घरात पंधरा दिवस रामायण चाललंय, म्हणून विचारतोय.

काकूला थकवा होता, रात्री घाम यायचा, पोटात डावीकडं जड वाटायचं. रक्त तपासलं तर पांढऱ्या पेशी भलत्याच वाढलेल्या. पुढच्या तपासण्यांत क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया, म्हणजे एक प्रकारचा ब्लड कॅन्सर निघाला. रिपोर्ट इंग्रजीत, आणि त्यात एक ओळ की अमुक जेनेटिक बदल सापडला आहे. चुलतभावानं ती ओळ फोनवर सगळ्यांना मराठी करून सांगितली, “अनुवांशिक दोष हाय म्हणे.”

झालं. बहिणीचं गडहिंग्लजकडचं स्थळ जवळपास ठरलं होतं. तिसऱ्या दिवशी मध्यस्थाचा फोन आला, “तुमच्या घराण्यात ब्लड कॅन्सर आहे असं ऐकलं, खरं काय?”

मी डॉक्टरांना गाठलं. ते म्हणाले, “जेनेटिक आहे, पण हेरेडिटरी नाही.” इंग्रजीत हे एका दमात सांगता आलं. तेच मराठीत मध्यस्थाला सांगायला गेलो आणि तोंडातून निघालं, “आनुवंशिक आहे, पण आनुवंशिक नाही.” पलीकडं शांतता.

तर या दोहोंना मराठीत दोन वेगळे शब्द आहेत का? आणि ते कुणी वापरतं का?

व्याकरणवेडा

आधी लेखन, मग अर्थ. ‘अनुवांशिक’ असा शब्द नाही. अनुवंश या शब्दाला इक प्रत्यय लागला की पहिल्या स्वराची वृद्धी होते, मधल्याची नव्हे. अनुषंग, आनुषंगिक. अनुमान, आनुमानिक. तसंच अनुवंश, आनुवंशिक. दवाखान्यांच्या पाट्यांपासून वर्तमानपत्रांपर्यंत हा काना चुकीच्या जागी बसलेला दिसतो.

आता अर्थ. ‘अनु’ म्हणजे मागोमाग. जे वंशामागोमाग चालत येतं ते आनुवंशिक. शब्दातच पिढ्या आहेत, म्हणजे हा हेरेडिटरीचा शब्द झाला. जेनेटिकला ‘जनुकीय’ आहे की, जनुकाशी संबंधित ते जनुकीय. दोन्ही शब्द पाठ्यपुस्तकात आहेत, फक्त शाळा सुटल्यावर आपण ‘जनुकीय’ तिथंच बाकावर ठेवून येतो.

लॅबवाली

तुमच्या काकूंचा रिपोर्ट मी पाहिलेला नाही, पण या आजारात तो बदल कोणता असणार हे बहुतेक ठरलेलं असतं, म्हणून सांगते.

आपल्या पेशीत गुणसूत्रांच्या, म्हणजे जनुकं ज्यांवर असतात त्या धाग्यांच्या, २३ जोड्या. या आजारात ९ नंबरच्या आणि २२ नंबरच्या गुणसूत्रांचे तुकडे तुटतात आणि अदलाबदल होऊन एकमेकांना चिकटतात. आखूड झालेलं २२ नंबरचं गुणसूत्र १९६० साली अमेरिकेत फिलाडेल्फियात दिसलं, म्हणून त्याला फिलाडेल्फिया गुणसूत्र म्हणतात. तुकडा नुसता गळालेला नाही, ९ नंबरशी अदलाबदल झालीय, हे जॅनेट राउली यांनी १९७३ साली दाखवलं. या जोडकामात बीसीआर आणि एबीएल ही दोन जनुकं शेजारी येऊन एक होतात, आणि त्यांच्यापासून जे प्रथिन बनतं ते पेशीला सारखं ‘वाढ, वाढ’ म्हणत राहतं. थांबायचा निरोपच नाही.

आता तुमच्या धाग्याचा मुद्दा. हे सगळं हाडाच्या मगजातल्या एका पेशीत घडतं, तेही माणूस जन्मल्यानंतर कधीतरी. त्या पेशीची पिलावळ वाढते. काकूंना तो बदल आईबापांकडून मिळालेला नसतो आणि त्यांच्या मुलांकडं तो जात नाही, कारण मुलं मगजातून जन्मत नाहीत. म्हणून आजार शंभर टक्के जनुकीय, आणि आनुवंशिक अजिबात नाही.

(इमॅटिनिब सुरू केलं असेल. २००१ पासून हे औषध वापरात आहे, त्याच एका प्रथिनाला अडवतं. जेवणासोबत, मोठा ग्लासभर पाण्याबरोबर घ्यायला सांगा.)

निपाणीकर

तुम्ही सगळे जड शब्दांत शिरलाय. आमच्याकडं म्युटेशन म्हटलं की लोक तलाठ्याकडं बघतात. बाप गेला, उताऱ्यावर पोरांची नावं चढवायची, त्याचं म्युटेशन. महाराष्ट्रात त्यालाच फेरफार म्हणतात, गाव नमुना ६. मग जनुकातल्या बदलाला इंग्रजीत म्युटेशन म्हणतात, त्यालाही फेरफारच म्हणा की! त्याचा पुस्तकी शब्द ‘उत्परिवर्तन’ म्हणताना माझ्या दातात अडकतं गा.

आणि समजवायलाही सोपं. मी तंबाखूच्या गावचा. जर्दा तोंडात धरून धरून गालाच्या पेशींत फेरफार झाला, तो नातवाच्या उताऱ्यावर चढत नाही. जर्दा खायची सवय मात्र चढते.

व्याकरणवेडा

जर्द्याचं वाक्य लिहून ठेवलं. पण ‘फेरफार’ला एक खोड आहे. ‘कागदपत्रांत फेरफार केला’ म्हटलं की कुणीतरी मुद्दाम केला असा वास येतो. जनुकातला बदल बहुतेकदा कुणी करत नाही, प्रत काढताना होतो. नक्कलनवीस रात्री डुलक्या घेत लिहितो तेव्हा एखादं अक्षर बदलतं, तसा.

‘उत्परिवर्तन’ जड आहे हे कबूल. पण ‘परिवर्तन’ एकट्यानं चालत नाही, ते राजकारण्यांनी नेलं.

लॅबवाली

फेरफार तुमचा तुम्हाला लखलाभ, पण ‘दोष’ तेवढा काढा. टिळकवाडीकरांच्या भावानं सगळ्यात मोठी चूक तिथं केली. प्रत्येक मूल जन्मतं तेव्हा आईबापांत नसलेले साधारण ६० ते ७० नवे बदल घेऊन येतं. तीन अब्ज अक्षरांच्या जनुकीय मजकुरात एवढे. बहुतेकांचा काही उपद्रव नसतो. एखादा नेमका अवघड जागी बसतो. सिकलसेलमध्ये हिमोग्लोबिनच्या एका जनुकात एकच अक्षर बदलतं, त्यामुळं साखळीतलं सहावं अमिनो आम्ल बदलतं, आणि तांबडी पेशी विळ्यासारखी वाकडी होते. बदल आणि आजार हे दोन वेगळे शब्द ठेवा.

माहेर चंदगड

मला ‘आनुवंशिक’ शब्दाचीच अडचण आहे, काना कुठंही असो.

त्यात ‘वंश’ आहे. आपल्याकडं वंश कुणाचा? बापाचा. वंशाचा दिवा मुलगा. वंशावळ काढली तर त्यात बायकांची नावं कंसातसुद्धा नसतात. त्यामुळं ‘आनुवंशिक आजार आहे का’ असं डॉक्टरांनी विचारलं की सासरचे लोक आपल्या आडनावाचे सगळे मोजतात, म्हणतात आमच्यात कुणाला नाही. मग सगळ्यांच्या नजरा सुनेकडं.

माझ्या मुलाला तांबडा-हिरवा ओळखू येत नाही. शाळेत रंगपेटीत घोळ व्हायला लागला तेव्हा कळलं. पिकलेली मिरची आणि कच्ची मिरची त्याला सारखीच. सासरी कुणालाच तसं नाही. मग आठवलं, माझे वडील बाजारातून टोमॅटो आणायचे तेव्हा आई निम्मे परत पाठवायची, कच्चे आणले म्हणून. त्यांनाही दिसत नव्हतं, आणि जन्मभर कुणाला कळलं नाही! मला त्रास नाही, पण मधला दुवा मी. हा असा वारसा आजोळचा असतो, तो वंशावळीत कुठं दाखवणार? बाप मुलाला वाय गुणसूत्र देतो, आणि रंगाचं हे जनुक एक्सवर. म्हणून बापाकडून मुलाकडं हे जाऊच शकत नाही.

मी तरी ‘वारशानं आलेला’ म्हणते. वारसा आईकडूनही येतो, निदान कायद्यानं तरी.

खानापूरचा मास्तर

चंदगडच्या ताईंचा मुद्दा वर्गात सांगणार आहे. मराठी माध्यमाच्या आमच्या मुलांना ‘एक्स गुणसूत्र’ पाठ असतं, पण आजोळशी त्याचा संबंध कुणी लावून दिलेला नसतो.

दोन-तीन शब्द माझ्याकडून.

‘जन्मजात’ आणि ‘आनुवंशिक’ एकच समजतात. गरोदरपणी आईला रुबेला झाला आणि बाळाच्या कानावर परिणाम झाला, तर ते बहिरेपण जन्मजात आहे, आनुवंशिक नाही. उलट मेंदूचा हंटिंग्टनचा आजार आनुवंशिक, पण बहुधा तिशी-चाळिशी उलटेपर्यंत त्याची खूणही दिसत नाही. डाउन सिंड्रोम तिसऱ्याच खणात. २१ नंबरचं एक गुणसूत्र जास्त असतं, बाळ ते घेऊनच जन्मतं, पण बहुतेक वेळा ते वारशानं आलेलं नसतं.

‘गुणसूत्र’ मात्र झकास शब्द आहे. कन्नडात ‘वर्णतंतू’ म्हणतात, गुजरातीत ‘रंगसूत्र’. १८८८ साली वाल्डायर यांनी क्रोमोसोम हा शब्द काढला तो ग्रीकमधल्या रंग आणि शरीर या शब्दांवरून, कारण सूक्ष्मदर्शकाखाली पेशी रंगवली की हे धागे रंग धरतात. शेजाऱ्यांनी दिसणं धरलं, आपण काम धरलं. जनुकालाही कन्नडात ‘वंशवाही’ म्हणतात, तिथं पुन्हा वंश आलाच, ताई.

‘विकृती’ मला खटकतो. पुस्तकात ‘जनुकीय विकृती’ छापलेलं असतं. थॅलेसेमिया (वारशानं येणारा रक्ताचा आजार) असलेली मुलगी वर्गात बसलीय आणि मी फळ्यावर विकृती लिहायचं? मी ‘आजार’ लिहितो. परीक्षेत पुस्तकातलाच शब्द लिहा असंही सांगतो, काय करणार.

आणि ‘वाहक’.

निपाणीकर

वाहक म्हणजे कंडक्टर की! कोल्हापूरच्या यष्टीत लिहिलेलंच असतंय, चालक-वाहक.

खानापूरचा मास्तर

तेच सांगणार होतो. आपल्याकडच्या कर्नाटकच्या बसमध्ये ‘निर्वाहक’ लिहितात, म्हणून खानापुरात हसत नाहीत. निपाणीचा एक विद्यार्थी होता, तो ‘रोगाचा वाहक’ वाचून वर्गभर तिकिटं फाडायचा.

पण शब्द चालतो. स्वतःला आजार नाही, जनुकाची एक बदललेली प्रत जवळ आहे, असा माणूस. दोघंही थॅलेसेमियाचे वाहक असतील तर प्रत्येक बाळाच्या वेळी आजाराची शक्यता २५ टक्के. इथं ‘चारात एक’ म्हणू नका. एका पालकांनी मला सांगितलं होतं, “पहिल्याला झाला, आता पुढची तीन सुटली.” तसं नसतं. दर वेळी नाणं नव्यानं उडतं.

येळ्ळूरचा

मग नवरा-बायकोचा रक्तगट एक असला तर लग्न करू नये म्हणतात ते खरं काय?

लॅबवाली

नाही. रक्तगट एक असल्यानं काही बिघडत नाही. बघायचं ते नातं. मामाची मुलगी करताना लोक म्हणतात कूळ वेगळं, आडनाव वेगळं, म्हणजे रक्त वेगळं. आडनाव वेगळंच असतं, पण आतेमामेभावंडांत सरासरी आठवा हिस्सा जनुकं एकाच आजीआजोबांकडून आलेली असतात. दक्षिणेत मामा-भाचीचं लग्न होतं, तिथं हिस्सा चौथा. एकाच बदललेल्या जनुकाच्या दोन्ही प्रती एका बाळात येण्याची शक्यता त्यानं वाढते. पाहायचीच असेल तर थॅलेसेमियाची तपासणी पाहा, पत्रिकेपेक्षा स्वस्त पडेल कदाचित.

टिळकवाडीकर

एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. एक शंका उरली. कॅन्सर कधीच आनुवंशिक नसतो असं मध्यस्थाला सांगू का? तो ऐकेल बहुतेक.

लॅबवाली

नका सांगू, ते खोटं ठरेल. साधारण ५ ते १० टक्के कॅन्सरमागं वारशानं आलेला बदल असतो. बीआरसीए-१ आणि बीआरसीए-२ ही नावं ऐकली असतील, स्तनाच्या आणि बीजकोशाच्या कॅन्सरच्या बाबतीत. आई किंवा बाप, कुणाकडूनही येतो, आणि प्रत्येक मुलाला मिळण्याची शक्यता निम्मी. पण तिथंही वारशानं येतो तो धोका, कॅन्सर नव्हे. बाकीचे बदल त्या माणसाच्या पेशीत जन्मभरात साचावे लागतात. काकूंचा आजार या गटातला नाही, एवढंच आणि नेमकं सांगा.

टिळकवाडीकर

चार दिवसांनी लिहितोय. मध्यस्थाला चिठ्ठीच लिहून दिली: ‘हा आजार हाडाच्या मगजातल्या एका पेशीत झालेल्या बदलामुळे आहे. तो वारशाने आलेला नाही व पुढे जाणार नाही.’ ‘आनुवंशिक’ आणि ‘जनुकीय’ दोन्ही गाळले, व्याकरणवेडे रागावतील. डॉक्टरांनी वाचून खाली सही केली. गडहिंग्लजहून अजून काही कळलेलं नाही.

चिठ्ठी काकूलाही वाचून दाखवली. तिनं चष्मा लावून पुन्हा स्वतः वाचली आणि म्हणाली, “माझ्या आईकडनं नाही, आप्पांकडनं नाही, तर मग कुणाकडनं आला?” कुणाकडनंच नाही, म्हटलं. तिला ते पटलं नाही. म्हणाली, त्याला काहीतरी नाव असेल की.

लॅबवाली

इंग्रजीत स्पोरॅडिक म्हणतात. ‘तुरळक’ करू नका, पावसासारखं वाटतं.

व्याकरणवेडा

‘आपसूक’?

टिळकवाडीकर

विचारून सांगतो. आत्ता जेवून, गोळी घेऊन झोपलीय.