पावसाळी पाण्याचा आराखडा: रहिवाशांना विचारायचे ते नेमके कोणत्या टप्प्यावर?

ओढाकाठ (सहकारनगर, पुणे):
25 सप्टेंबर 2019 च्या रात्री कात्रजच्या डोंगरउतारावर कोसळलेला पाऊस आंबिल ओढ्यातून खाली आला आणि अरण्येश्वर, सहकारनगर, दांडेकर पूल ते दत्तवाडी या पट्ट्यात हाहाकार उडाला. अरण्येश्वरजवळच्या टांगेवाले कॉलनीत भिंत कोसळून माणसे दगावली, आणि शहर व परिसरात मिळून वीसहून अधिक बळी गेले. तेव्हापासून सीमाभिंती, कल्व्हर्ट (रस्त्याखालून ओढ्याचे पाणी नेणारी मोरी) आणि खोलीकरण यांवर पुष्कळ बोलले गेले आहे. मात्र लोकसहभागाचा अर्थ आजही तयार आराखड्यावर हरकती-सूचना मागवणे एवढाच घेतला जातो. माझ्या मते ओढ्याच्या पहिल्या पाहणीपासूनच रहिवासी सोबत असले पाहिजेत, कारण नकाशात न दिसणाऱ्या कितीतरी गोष्टी त्यांना रोजच्या पाहण्यातून ठाऊक असतात. पुलाखालून आडव्या गेलेल्या जलवाहिनीला आधी फांद्या अडकतात, मग त्यांत गाद्या, थर्माकोल आणि प्लास्टिकचा गठ्ठा बसतो आणि कागदावर पुरेसा रुंद असलेला कल्व्हर्ट प्रत्यक्षात अर्धाच उरतो. रस्त्यावर डांबराचा थर चढत गेल्यामुळे पावसाचे पाणी आत घेणारी कोणती जाळी बुजली आणि पाणी कोणत्या घराच्या उंबऱ्याकडे वळले, हेही तिथे राहणाऱ्यांनाच सांगता येते. हे ज्ञान आराखड्याच्या आधी लागते. निविदा निघाल्यानंतर ते सांगून काही साधत नाही.

स्थापत्य (कोथरूड):
पावसाळी वाहिन्यांच्या संकल्पनाचे (डिझाइनचे) काम मी करत आलो आहे आणि आपल्या मुख्य मुद्द्याशी मी सहमत नाही. पाण्याचा हिशेब संपूर्ण पाणलोटाचा, म्हणजे जिथले पाणी ओढ्यात उतरते त्या साऱ्या क्षेत्राचा असतो, तर रहिवासी आपल्या दारातल्या चेंबरपुरते पाहतो. एखादी सोसायटी आपली सीमाभिंत उंच करून मागते, ती मिळते आणि पुढच्या पुरात तेच पाणी समोरच्या काठावरच्या वस्तीत शिरते. मुंबईतील वाहिन्या पूर्वी ताशी 25 मिलिमीटर पावसासाठी बांधलेल्या होत्या. मुंबईच्या पावसाळी पाण्याच्या निचऱ्यावरील 1993 च्या ब्रिमस्टोवॅड अहवालाने ती क्षमता 50 मिलिमीटरवर नेण्याची शिफारस केली. हा आकडा पावसाच्या नोंदींतून निघतो, सभेतल्या हात वर करण्यातून नव्हे. त्या शिफारशींची अंमलबजावणी रखडली, आणि 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला. एवढा पाऊस कोणत्याच वाहिन्यांनी पेलला नसता हे मान्य, पण रखडलेल्या कामांमुळे नुकसान वाढले, हेही तितकेच खरे. प्रत्येक टप्प्यावर बैठका घेत बसलो तर कामे आणखी लांबतील, आणि ओढ्याकाठी झोपणाऱ्या माणसाला तो विलंब परवडणारा नाही.

ओढाकाठ:
वाहिनीचा व्यास सभेत ठरवावा, असे मी म्हटलेलेच नाही. पण पाणी केवळ वाहून नेणे म्हणजे शाश्वत व्यवस्थापन नव्हे. संपूर्ण काँक्रीट केलेल्या एक हेक्टर जागेवर तासाभरात 50 मिलिमीटर पाऊस पडला तर 500 घनमीटर, म्हणजे पाच लाख लिटर पाणी जवळजवळ सगळेच्या सगळे ओढ्याकडे धावते. शहरातील अशी पुष्कळशी जमीन सोसायट्यांच्या आवारांत आहे, जिथे महापालिकेचा पंप पोहोचत नाही आणि अभियंत्याचे अधिकारही अपुरे पडतात. पेव्हर ब्लॉक काढून माती मोकळी करायची, शोषखड्ड्यातला गाळ दर उन्हाळ्यात उपसायचा, गच्चीवरचे पाणी जमिनीत मुरवायचे, ही कामे तिथे राहणाऱ्यांनीच करायची आहेत. पर्जन्यजल संचयनाची अट पूर्णत्वाच्या दाखल्यासाठी पाळली जाते, त्यासाठी मिळकतकरात सवलतही मिळते, आणि तरीही दोन-तीन पावसाळ्यांत खड्डे गाळाने भरून निकामी झालेले दिसतात. ज्यांच्यावर ही देखभाल पडणार आहे त्यांना आराखड्यातून वगळले, तर ती होणार नाही.

दत्तवाडीकर:
आपण दोघेही ‘रहिवासी’ म्हणताना सोसायटीतील सभासदांचाच विचार करत आहात, असे मला खेदाने नोंदवावे लागते. जून 2021 मध्ये दांडेकर पुलाजवळच्या ओढ्यालगतच्या वस्तीतील घरांवर हातोडा पडला आणि अखेर न्यायालयाला त्या कारवाईला स्थगिती द्यावी लागली. पुराची सर्वाधिक झळ ज्यांना बसते त्यांच्यापर्यंत हा आराखडा कारवाईच्या रूपानेच पोहोचत असेल, तर त्याला सहभाग म्हणता येणार नाही. राज्यात 2009 च्या कायद्याने क्षेत्रसभेची, म्हणजे प्रभागातील एकेका भागाच्या मतदारांच्या सभेची, तरतूद झाली आहे, ती मतदारयादीवर आधारलेली असल्याने वस्तीतला भाडेकरूसुद्धा, त्याचे नाव यादीत असेल तर, तिथे हक्काने बसू शकतो. अशी सभा आमच्याकडे भरल्याचे मी आजवर ऐकलेले नाही.

स्थापत्य:
दत्तवाडीकरांचा आक्षेप मला पटतो, आणि म्हणूनच माझी शंका अधिक गडद होते. वरच्या बाजूच्या कात्रजकरांना पाणी लवकर खाली जायला हवे असते आणि खालच्यांना ते वर अडवायला हवे असते. हा तंटा एका प्रभागाच्या सभेत सुटणार नाही. पुराच्या खुणा, तुंबणाऱ्या जागा, बुजलेल्या जाळ्या यांची माहिती लोकांकडून अवश्य घ्यावी, परंतु तळाची पातळी, उतार आणि छेद (पात्राची रुंदी-खोली) यांवर वाटाघाटी नकोत.

ओढाकाठ:
मग सभा प्रभागाची न घेता कात्रज तलावापासून मुठा नदीशी होणाऱ्या संगमापर्यंत सबंध ओढ्याची घ्यावी, वरच्यांनी खालच्यांसमोर बसावे, आणि वस्त्यांची वेळ पाहून ती संध्याकाळी भरवावी. तळपातळी आपणच ठरवा, मात्र ती कशी ठरवली, आणि तेवढ्या पाण्यात कोणाचे घर बुडेल व कोणाचे वाचेल, हे निविदा काढण्याआधी त्या सभेत मराठीत, नकाशावर बोट ठेवून सांगा.