पाच वर्षांनंतर मूल बापाकडेच? नाही

आईवडील वेगळे झाले तर "5 वर्षं झाली की मूल बापाकडेच जातं" असं म्हणतात, ते चूक आहे. 1956 च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्यात 5 वर्षांखालचं मूल सहसा आईकडे, एवढंच आहे. पुढे मुलाचं हित बघून कोर्ट ठरवतं. मूल जाणतं असेल तर त्याची इच्छाही विचारात घेता येते.

पण खरा त्रास भेटीच्या रविवारी. माझा भाचा सांगलीत आईजवळ, वडील मिरजेला. गणपती मंदिरापाशी दोन तास भेट. परतला की आजी (म्हणजे माझीच आई) दारातच, "काय म्हणाले रे ते?" पोरगं हल्ली खाल्लेली भेळसुद्धा लपवतं. आईला आवरणं मला अजून जमलेलं नाही.