मदत हवी आहे: गोळी सुरू करू की नको? सोमवारच्या आत सांगा

अबोली७९ (शनिवार, रात्री ९:४०)
मुलीला डॉक्टरांनी गोळी लिहून दिली आहे. आणून पाच दिवस झाले, कपाटात पडून आहे. नेटवर वाचलं की या गोळीने मुलांच्या मनात जिवाचं बरंवाईट करायचे विचार येतात. मग द्यायची कशाला? ह्यांचं म्हणणं, दहावीच्या अभ्यासाचा कंटाळा आहे, दुसरं काही नाही. कोणी आपल्या मुलांना दिली आहे का? हो की नाही तेवढंच सांगा. लेक्चर नको.

घाटावरचा (९:५२)
कसली गोळी? कसले डॉक्टर? काय होतंय मुलीला? यातलं काहीच लिहिलं नाहीत.

शमा_बार्शी (९:५८)
मोबाइल काढून घ्या. माझ्या भावाचा मुलगा आठ दिवसांत सुतासारखा सरळ आला.

अबोली७९ (१०:०५)
मोबाइल ती बघतच नाही. महिना झाला, चार्जिंगलासुद्धा लावलेला नाही.
गोळी फ्लुओक्सेटिन १०, डिप्रेशनवरची. डॉक्टर मानसोपचारवाले, सांगलीचे.

तात्या_वाईकर (१०:११)
आमच्या वेळी डिप्रेशन नव्हतं, छडी होती. ब्राह्मी आणि अश्वगंधा दुधातून द्या, पहाटे उठवा. ही इंग्रजी औषधं एकदा लागली की सुटत नाहीत.

नुसता_फार्मासिस्ट (१०:२०)
तात्या, या गोळीची चटक लागत नाही. मनाने एकदम बंद करायची नसते, हळूहळू कमी करतात, एवढंच. आणि तिच्याबरोबर अश्वगंधा डॉक्टरांना न विचारता देऊ नका.
अबोलीताई, मोबाइलकडेही बघत नाही हे महत्त्वाचं आहे. या वयात डिप्रेशन म्हणजे रडणंच असं नसतं. चिडचिड, पोटदुखी, डोकेदुखी, आवडीच्या गोष्टी सुटणं. दोन आठवड्यांच्या वर रोज असेल तर तो कंटाळा नव्हे. कधीपासून आहे? रक्त तपासलंय का?

अबोली७९ (१०:३१)
गणपतीपासून पोट दुखतं म्हणते, तेही शाळेच्या वेळेलाच. सोनोग्राफी नॉर्मल, थायरॉइड नॉर्मल, हिमोग्लोबिन १०.८, त्याची लोहाची गोळी चालू आहे. खो-खोत जिल्ह्यापर्यंत खेळलेली मुलगी, आता बूट माळ्यावर टाकलेत. चाचणीत गणितात ४० पैकी ९. पण माझा प्रश्न गोळीचा आहे!

शमा_बार्शी (१०:३५)
शाळाच नको असेल तर १७ नंबरचा फॉर्म भरून घरून बसवा परीक्षेला.

घाटावरचा (१०:३८)
शमाताई, शाळा सोडवून घरात बसवलं की ती आणखी आत जाईल. शिवाय १७ नंबरच्या मुदती असतात.

शमा_बार्शी (१०:४०)
विलंब शुल्क भरून मुदत मिळते. माझ्या पुतणीने भरलाय, मला शिकवू नका.

निंबोणी (१०:४४)
१७ नंबर बाहेर घ्या हो.
मी दिली आहे, मुलगी तेव्हा सोळाची. पहिले दहा दिवस मळमळ आणि रात्री टक्क जागी. डॉक्टरांनी गोळी सकाळच्या नाश्त्याबरोबर करायला सांगितली, मग झोप आली. तीन आठवडे फरक शून्य, मी रोज कॅलेंडर बघायचे. पाचव्या आठवड्यात तिने रिमोटवरून भावाशी कडाक्याचं भांडण काढलं आणि मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. किती महिन्यांनी घरात तिचा आवाज चढला होता! बरोबर दर आठवड्याला समुपदेशन होतं. गोळी आठ महिने चालली.

नुसता_फार्मासिस्ट (१०:५२)
तुम्ही वाचलंय तो इशारा अमेरिकेत २००४ साली अशा गोळ्यांच्या माहितीपत्रकावर चौकटीत आला. २४ चाचण्या, सुमारे ४,४०० मुलं. तसे विचार किंवा वागणं गोळी घेणाऱ्यांत ४ टक्के, औषध नसलेली, नुसती साखरेची खोटी गोळी घेणाऱ्यांत २ टक्के. त्या चाचण्यांत आत्महत्या एकही झाली नाही. म्हणून सुरुवातीचे आठवडे डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवायचं असतं. त्याच वर्षी ४३९ किशोरवयीन मुलांवरचा मोठा अभ्यास आला. १२ आठवड्यांत गोळी आणि समुपदेशन दोन्ही मिळालेल्यांत ७१ टक्के सुधारले, नुसत्या गोळीवर ६१, नुसत्या समुपदेशनावर ४३, साखरेच्या गोळीवर ३५.
आता दोन गोष्टी विचारतो, रागावू नका. मरणाबद्दल ती कधी काही बोलली आहे का? आणि घरात कोणाला मानसिक आजार?

तात्या_वाईकर (१०:५५)
असलं पोरीला विचारून तिच्या डोक्यात भरवू नका!

निंबोणी (१०:५७)
विचारल्याने भरत नाही, तात्या. न विचारल्याने ती एकटी पडते.

अबोली७९ (११:१५)
एकदा म्हणाली, मी नसते तर तुमचा क्लासचा खर्च वाचला असता. डॉक्टरांसमोर बोलले नाही, हे शेजारीच बसले होते.
घरात तसं कोणी नाही. धाकटे दीर आहेत, पण त्यांचं वेगळं. मध्येच चार-चार रात्री झोपायचे नाहीत, कर्ज काढून दुकान टाकलं, मग सहा महिने अंथरुणात. आता लिथियमची गोळी आहे, रक्त तपासत असतात.

नुसता_फार्मासिस्ट (११:१९)
वेगळं नाही हो! हेच आधी सांगायला हवं होतं. सख्ख्या काकांना हा दोन टोकांचा आजार (बायपोलर) असेल तर नुसत्या डिप्रेशनच्या गोळीने काही मुलांचं मन उलट्या टोकाला जाऊ शकतं. म्हणून गोळी बाद असं नाही, पण डॉक्टर हे धरूनच ठरवतील. सोमवारची वाट बघू नका, सकाळीच फोन करा. आज तिला एकटी झोपवू नका. दिरांच्या आणि घरातल्या सगळ्या गोळ्या कुलपात. १४४१६ हा सरकारचा टेलिमानस नंबर, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलतात. तिने काही ठरवलंय असं वाटलं तर सरळ दवाखाना गाठा.

घाटावरचा (११:२४)
आणि यजमानांना बाहेर बसवून बोला. डॉक्टरांना तसं सांगता येतं.

अबोली७९ (रविवार, दुपारी १२:०५)
रात्री १४४१६ लावला, बाई नीट बोलल्या. मग तिच्याजवळ झोपले आणि अंधारातच विचारलं. हो म्हणाली. विचार येतात, पण काही ठरवलेलं नाही. मग दोन वाजेपर्यंत बोलत होती, बरंचसं खो-खोच्या संघातून नाव वगळलं त्याबद्दल. आम्हाला माहीतच नव्हतं.
सकाळी डॉक्टरांना सगळं फोनवर सांगितलं. मी भेटेपर्यंत गोळी सुरू करू नका म्हणाले. उद्या दहाऐवजी साडेआठला बोलावलंय, दिरांचे कागद घेऊन. ती आधी एकटी आत जाणार. हे येतायत, पण बाहेर बसणार.

शमा_बार्शी (१२:१०)
आणि १७ नंबरचं?

अबोली७९ (१२:१४)
शमाताई, तव्यावर भाकरी आहे.